मुराळ्याची मुकी गाडी

माझ्या उजव्या पायाला एक खोड आहे. कुणाच्याही गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसले आणि समोर काही आडवं आलं, की हा पाय आपोआप पुढं सरकतो आणि खालची चटई जोरात दाबतो. रिक्षात दाबतो, एसटीत दाबतो. भाचीच्या लग्नात नवरदेवाचा घोडा बिथरला, तेव्हा मी मांडवातल्या खुर्चीवर बसून फरशी दाबली होती. आमचे हे म्हणतात, तुझ्या पायानं थांबवल्यात तेवढ्या गाड्या पोलिसांनीही थांबवल्या नसतील.

सव्वीस वर्षं मी पिरंगुटला ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीसुद्धा एक ब्रेक आणि एक क्लच असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. शिकणारा घाबरून भलतंच काही दाबतो, आपण आपला ब्रेक लावतो आणि त्याला वाटतं, गाडी मी थांबवली. आपण तसं वाटू द्यायचं. निम्मा धंदा त्या वाटू देण्यात आहे. दुसऱ्या दिवशी तो माणूस ताठ मानेनं येतो, आणि ताठ मानेनं आलेला माणूस लवकर शिकतो.

नमुने एकेक भेटले. घोटावड्याचा एक पोल्ट्रीवाला गाडी थांबवायच्या वेळी ब्रेक सोडून तोंडानंच "हो, हो, हो" करायचा. गाडी थांबायची, कारण खाली माझा पाय होता. एक शाळामास्तर समोरून ट्रक आला की डोळे मिटून घ्यायचे. "डोळे मिटले की भीती वाटत नाही हो बाई," असं मला समजावून सांगायचे. तेही शिकले. अजून पौड रस्त्याला भेटतात तेव्हा मी आधी त्यांचे डोळे बघते, मग नमस्कार करते.

अलीकडं मात्र एक नवीनच गिऱ्हाईक येऊ लागलं. जमिनीचा तुकडा विकलेला, दारात भलीमोठी गाडी आलेली, आणि ती चालवणारं घरात कुणी नाही. ही मंडळी शिकवणीच्या गाडीत बसायला तयार नसतात. "आमच्याच गाडीवर शिकवा." त्यांच्या गाडीत माझ्या पायाखाली ब्रेक कुठला? नुसती मऊ मऊ चटई. असल्या शिकवणीहून घरी आले की माझी पोटरी रात्रभर ठणकायची.

नांद्याचे बबनअप्पा असेच नवरात्राच्या आधी एका सकाळी मोटारसायकलवरून माझ्या ड्रायव्हिंगच्या शाळेत आले. त्रेसष्ट वर्षांचे, पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, मनगट माझ्या पोटरीएवढं. चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेला माणूस. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "बाई, गाडी शिकायची हाय. दिवाळीच्या आत."

"एवढी घाई कसली अप्पा?"

"मुराळी म्हणून जायाचंय."

मुराळी म्हणजे सणाला बहिणीला किंवा लेकीला सासरहून माहेरी आणायला जाणारा माणूस. आता मुली आपापल्या स्कूटरवरून येतात, त्यामुळं हा शब्द फारसा कानावर येत नाही. पण अप्पांची थोरली बहीण, आक्का, एकाहत्तर वर्षांची. दिली होती मुळशीला, धरणाच्या काठच्या घरात. लग्न झालं तेव्हापासून दर दिवाळीला तिला आणायला अप्पाच जायचे. आधी बैलगाडीनं, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पेंढा टाकून, मग मोटारसायकलवर मागं बसवून. पुढं आक्काचं खुब्याचं दुखणं सुरू झालं, मोटारसायकल बंद झाली. नेमकी तेव्हाच अप्पांच्या दारात गाडी आली. एसयूव्ही. हायब्रीड. आत बसलं की आपण कुठल्या दिवाणखान्यात आहोत असं वाटावं, सीटा पाठीला वारा घालणाऱ्या, काचेचं छप्पर.

"मग दोन वर्षं झाली की गाडीला. ड्रायव्हर घेऊन जायचं ना."

अप्पांनी टोपीची घडी घातली, उलगडली. मग मनाचा हिय्या करून सांगितलं, "बाई, मला गाडी लागती."

मी हसले नाही, याचं श्रेय मला मिळालं पाहिजे. खरं होतं ते. जन्मभर स्टेअरिंग स्वतःच्या हातात असलेला माणूस. दुसरा कुणी चालवायला बसला की घोटावडं यायच्या आत यांच्या पोटात ढवळायचं. स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर हे फक्त एकदा बसले होते, तेही हातात पिशवी धरून. म्हणून पहिल्या दिवाळीला त्यांनी आक्काला आणायला नुसता ड्रायव्हर पाठवला. आक्कानं गाडी परत पाठवली. रिकामी नाही, मागच्या सीटवर इंद्रायणी भाताचं पोतं ठेवून, त्याला पट्टा लावून. ड्रायव्हरजवळ निरोप दिला, "भाऊ आला न्हाई, भाताचं पोतं घिऊन जा." दुसऱ्या दिवाळीलाही तेच. तेच पोतं, तोच पट्टा.

"अवंदा फोनवर म्हनली," अप्पा सांगत होते, "बैलगाडीनं आलास, ट्रॅक्टरनं आलास. मोटार आली आन् तू यायचा थांबलास. आता मी मेल्यावरच ये म्हनली." एवढं बोलून अप्पांनी टोपी घातली. मोटारीचं लायसन्स त्यांच्या खिशात कैक वर्षं होतं, मोटार मात्र कधी हातात धरली नव्हती. गाडी आल्यावर मुलानं शिकवायचा प्रयत्न केला होता. दुसऱ्याच दिवशी बापलेकांचं भांडण झालं, आणि मग मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला.

मी होकार दिला. मला वाटलं, ट्रॅक्टर चालवणारा माणूस, आठ दिवसांचं काम.

पहिल्या दिवशी अप्पा गाडीत बसले, ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही. "बघा बाई, ही दर वेळी असंच करती. बॅटरी बसली आसल." मला हसू आवरेना. गाडी पहिल्या बटणाला सुरू झाली होती आणि दुसऱ्याला बंद झाली होती. आवाज मात्र कशाचाच नव्हता.

हायब्रीड म्हणजे काय ते इथं सांगून टाकते, कारण मलाही ते त्याच महिन्यात नीट कळलं. या गाडीत एक पेट्रोलचं इंजिन असतं आणि एक विजेची मोटर. निघताना, हळू चालताना मोटर ओढते, अगदी चिडीचूप. चढ आला, वेग वाढला की इंजिन मदतीला येतं. उतारावर नाहीतर ब्रेक लावताना तीच मोटर बॅटरी भरून घेते, त्यामुळं गाडी कुठं चार्जिंगला लावावी लागत नाही. कधी कुणाला बोलवायचं ते गाडी स्वतःच ठरवते. अप्पांना मी हे सगळं सांगितलं, तर म्हणाले, "म्हंजी एक बैल मुका आन् एक बोलका." इतकं सोपं करून मला शोरूमवाल्यांनीही सांगितलं नव्हतं.

कळलं खरं, पण कानाला कसं पटवायचं? ट्रॅक्टरवाला गाडी कानानं चालवतो. आवाज जड झाला की गिअर बदलायचा, आवाज थांबला की उतरायचं. आणि खरं सांगायचं तर मीही सव्वीस वर्षं कानानंच शिकवत आले. "आवाज ऐका, इंजिन रडतंय का बघा," हे माझं ठरलेलं वाक्य. माझी निम्मी विद्या क्लचची. या गाडीला क्लचच नव्हता. अप्पा म्हणायचे, "बाई, ही गाडी काई बोलतच न्हाई," आणि मी वरवर समजूत घालत मनात म्हणायचे, माझ्याशी तरी कुठं बोलतेय.

उलट बाजूनंही मौज व्हायची. एका दुपारी अप्पा गाडी अंगणात लावून, बंद झाली असं समजून जेवायला गेले. बॅटरी उतरली तसं अर्ध्या तासानं इंजिन आपलं आपण सुरू झालं. अप्पांच्या बायको, पारूकाकी, अंगणात मिरच्या निवडत होत्या. आत कुणी नाही आणि गाडी घुरघुरतेय. त्यांनी मिरचीचं सूप टाकलं आणि गाडीवरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. संध्याकाळी मला फोन, "बाई, गाडीला काय लागिर झालंय का?"

घोटावड्याच्या वळणावर एकदा मेंढरांचा कळप लागला. एरवी मागून इंजिनचा आवाज आला की मेंढरं बाजूला होतात. आमची गाडी आपली मांजरीच्या पावलानं मागं. धनगर पुढं चाललेला, त्याला पत्ता नाही. मी चटई दाबून दाबून बेजार. अप्पांनी हॉर्न वाजवला नाही. काच खाली केली, मान बाहेर काढली आणि घशातून असा काही आवाज काढला की कळप दुभंगून दोन्ही कडेला गेला. धनगर काठी टेकून बघतच राहिला. "अप्पा, येवडी मोटी गाडी आन् आवाज तुमालाच काडावा लागतुया व्हय?" अप्पा त्या दिवशी पहिल्यांदा खुशीत हसले. रस्त्यावर हात बसला होता. डाव्या चाकाचा अंदाज यावा म्हणून मी पुढच्या मोठ्या काचेवर खाली एक टिकली चिकटवून दिली होती, सगळ्याच विद्यार्थ्यांना देते तशी, तीही त्यांना पाठ झाली होती. दिवाळी आठ दिवसांवर आली होती. मी मनात म्हटलं, जमलं.

आणि तिथंच मी घसरले.

त्या दिवशी फेरी मारून आम्ही अप्पांच्या अंगणात आलो. गाडी थांबली. पारूकाकी चहा घेऊन आल्या. शिकणारा उतरल्याशिवाय शिकवणाऱ्यानं उतरायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. मीच माझ्याकडच्या दोन शिकवणाऱ्यांना तो घोकून घेतला होता. पण चहाचा वास आला, गाडी शांत होती, आणि सव्वीस वर्षांच्या माझ्या कानानं सांगितलं, बंद आहे. मी दार उघडून उतरले, कप घेतला. अप्पांनाही त्यांच्या कानानं तेच सांगितलं. त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला आणि दार उघडलं. गाडीनं टुंगटुंग केलं, पण ती बिचारी कशालाही टुंगटुंग करायची, त्यामुळं तिच्याकडं कुणी लक्ष देत नसे. गिअर पुढचाच होता. गाडी निघाली.

धावली नाही, नुसती चालत गेली. तेच भयंकर होतं. एक पाय बाहेर, एक आत अशा अवस्थेत अप्पा तिच्याबरोबर फरफटत चार पावलं गेले आणि बाजूला पडले. मी हातात कप घेऊन जमीन दाबत उभी. पुढं पाण्याच्या नळाजवळ पारूकाकींचा पाट होता. चहा करायला त्या नुकत्याच त्यावरून उठल्या होत्या. गाडीनं तो पाट मोडला, बादली चेंबवली, आणि मागच्या पेंढ्याच्या गंजीत तोंड खुपसून उभी राहिली. तेव्हाही तिच्यातून चकार आवाज येत नव्हता. मी धावत जाऊन तिचं पार्कचं बटण दाबलं.

अप्पांना कोपराला खरचटलं होतं, बाकी काही नाही. पण ते त्या मोडक्या पाटाकडं बघत बसले. मग म्हणाले, "बास बाई. माज्यानं न्हाई व्हायचं. ही त्या पाटावर बसल्याली आसती म्हंजी." गाडीवर कापड घातलं गेलं. माझी फी त्यांनी त्याच संध्याकाळी माणसाबरोबर पाठवून दिली. ते पाकीट मी उघडलंसुद्धा नाही.

रात्रभर मला झोप नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं होतं, की चूक माझी आणि दोष विद्यार्थी स्वतःकडं घेतोय. मी आत बसून असते तर बटण दाबून गाडी जागच्या जागी धरली असती. आजवर गाडी मी थांबवली आणि त्यांना वाटू दिलं की त्यांनी थांबवली. आता गाडी माझ्यामुळं सुटली आणि त्यांना वाटू द्यायचं की त्यांच्यामुळं सुटली? सकाळी उठून नांद्याला गेले. अप्पा ओट्यावर बसले होते.

"अप्पा, काल चूक माझी झाली," मी उभ्या उभ्याच बोलले. "तुमच्या आधी मी उतरायला नको होतं. मलाही वाटलं गाडी बंद आहे. तुमचा कान फसला तसा माझाही फसला."

अप्पांनी मान वर केली. "तुमालाबी कळत न्हाई व्हय, ती चालू हाय का बंद ते?"

"नाही कळत. मी समोरचा हिरवा दिवा बघते. त्यावर इंग्रजीत 'रेडी' लिहिलेलं असतं."

"त्या तितं ढीगभर दिवं हायेत. मला काय इंग्रजी वाचता येतंय?"

पारूकाकी दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्या गाडीपाशी गेल्या, कापड ओढून काढलं आणि मला म्हणाल्या, "कंचा दिवा त्यो, दाखवा मला." मी बटण दाबून दाखवला. त्यांनी स्वतःच्या कपाळावरची टिकली काढली आणि त्या दिव्याच्या शेजारी, काचेवर, अंगठ्यानं दाबून चिकटवली. लालभडक, पावलीएवढी. मग नवऱ्याला म्हणाल्या, "हिच्याशेजारी हिरवं दिसतंय तवर गाडी जित्ती हाय. हिच्याकडं बघितल्याबिगर उतरायचं न्हाई. आन् आता ऊटा, आक्का वाट बगत आसल."

अप्पा उठले.

पुढचे सहा दिवस आम्ही रस्त्यावर फार गेलोच नाही. अंगणात गाडी लावायची आणि उतरायचं, लावायची आणि उतरायचं. पार्क, बटण, टिकली. अप्पा मोठ्यानं म्हणायचे आणि हिरवा दिवा विझलेला बघूनच दार उघडायचे. सहाव्या दिवशी पारूकाकी नवीन पाट घेऊन मुद्दाम नळाशी बसल्या. त्यांचं काळीज कशाचं होतं कुणास ठाऊक. मी मात्र त्या दिवशी माझ्या सीटवरून हलले नाही.

वसुबारसेच्या सकाळी आम्ही मुळशीला निघालो. मी शेजारी. घोटावडं, पिरंगुट, पौड. अप्पांच्या पोटात ढवळलं नाही, स्टेअरिंग त्यांच्या हातात होतं. पौडच्या पुढं चढ लागला तसा बोलका बैल जागा झाला आणि अप्पा म्हणाले, "आला बगा मदतीला." भातकापणी सुरू होती, खाचरं अर्धी पिवळी, अर्धी रिकामी. मी दोनदाच चटई दाबली.

आक्का अंगणात पाठमोरी बसून भात वाळत घालत होती. गाडी तिच्या मागं येऊन उभी राहिली तरी तिला कळलं नाही. अप्पांनी पुटपुटत पार्क केलं, बटण दाबलं, टिकलीकडं बघितलं, मग उतरले. मी दुसऱ्या बाजूनं उतरले. अप्पा म्हणाले, "आक्का, मुराळी आलाय."

आक्का वळली. भावाला बघून तिचं तोंड उजळलं, अगदी लहान पोरीसारखं. मग तिनं मला बघितलं. माझ्या अंगात शाळेचा निळा कोट होता, खिशावर नाव छापलेलं. आक्काचं तोंड पुन्हा मिटलं.

"ड्रायव्हर आनलीस व्हय? अवंदा बाई आनलीस?"

"आगं मीच चालवत आलोय. ह्या शिकिवनाऱ्या बाई हायेत."

"मला येडी समजतुयास? पिशवी आनली आसशील मळमळाया. जा तू. पोतं भरून ठिवलंय, घिऊन जा."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात महिनाभराची शिकवणी होती, मोडलेला पाट होता, दोन वर्षं आक्काच्या जागी आलेली पोती होती. माझ्या लक्षात आलं, मी इथं उभी आहे तोवर ही म्हातारी गाडीत बसत नाही. खरं तर रस्ता अप्पांना येत होता. गाडीही येत होती. फक्त मला सोडवत नव्हतं, कारण माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता तरी मी शेजारी असले म्हणजे काहीतरी आहे असं मला वाटायचं. वाटू द्यायची कला मी स्वतःवरच चालवत होते.

"आक्का," मी म्हटलं, "मी एसटीनं जाते. माझ्या जागेवर तुम्ही बसा. चालवतो कोण ते बघा."

आक्कानं मला खालीवर न्याहाळलं. मग काठी घेतली, आत जाऊन लुगडं बदलून आली आणि माझ्या सीटवर बसली. मी तिचा पट्टा लावला. अप्पांनी बटण दाबलं.

"कर की सुरू," आक्का म्हणाली.

"सुरूच हाय."

"आवाज कुटं हाय?"

"ही टिकली बघ."

गाडी चिडीचूप अंगणातून निघाली आणि धरणाच्या रस्त्याला लागली. पुढं वळण होतं, वळणावर समोरून एक टेम्पो येत होता. माझा उजवा पाय आक्काच्या वाळत घातलेल्या भातात रुतला. गाडीचे मागचे लाल दिवे लागले, टेम्पो गेला, दिवे विझले, गाडी वळली. ती मी थांबवली नव्हती.

भाताचं पोतं आक्कानं मला देऊन टाकलं होतं. ते शेजारच्या सीटवर ठेवून मी एसटीत बसले आणि पिरंगुटपर्यंत फोनकडं बघत राहिले. शेवटी पारूकाकींचा फोन आला. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "गाडी आली का?"

"गाडीचा कुटला आवाज येतुया बाई," पारूकाकी म्हणाल्या, "पर आक्काचा येशीपासनं येतुया. हळू चालिव, हळू चालिव म्हून वरडत आलीया नुस्ती. आन् ह्ये हसत्यात."